खोडणाऱ्याची सही

वाचकांची पत्रं काटछाट करून छापायचं काम गावच्या दैनिकात कुमुदताई बोरवणकरांकडं होतं. एका दुपारी नगराध्यक्ष दौलतराव खराटे तणतणत त्यांच्या टेबलापाशी आले. उद्या छापायच्या एका पत्राची कुणकुण त्यांना लागली होती. मागं उभ्या मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पत्रं तुम्ही कापताच ना? मग यातलं खोटं कापा. नाहीतर उद्यापासून घरी बसा!"

कुमुदताईंनी पत्र आणि लाल पेन पुढं सरकवलं.

"खोटं तेवढं तुम्हीच खोडा. फक्त आमच्याकडं खोडणाऱ्यानं शेजारी सही करायची असते."

दौलतरावांनी पेन उचललं. 'नऊ दिवस नळ कोरडे.' सगळं गाव साक्षीला होतं. 'टँकर मात्र रोज अध्यक्षांच्या बागेत.' तो तर भर रस्त्यातून जायचा. पेन शेवटच्या ओळीपर्यंत फिरलं, पण कागदाला टेकलं नाही.

"खोटं काहीच सापडेना?" मालकांनी चाचरत विचारलं.

"एक शब्द आहे," कुमुदताई म्हणाल्या. "पहिल्याच ओळीत लिहिलंय, 'आमचे कार्यतत्पर नगराध्यक्ष'. त्यातलं 'कार्यतत्पर' खोडते. सही मी करते."