पाठ कोण चोळणार

दोष वस्तादाचा होता, हे आधीच सांगून टाकतो. मोठे चुकले की त्याला पोरांचं नशीब म्हणायची आपल्याकडे रीत आहे. या गोष्टीत ती चालणार नाही.

फार जुना काळ. राजे होते, पण त्यांची नावं आता कोणाला आठवत नाहीत. एका गावात तालीम होती, तालमीत लाल मातीचा हौदा होता आणि त्यात दोन पोरं घुमायची. एक लोहाराचा, एक कोळ्याचा. दोघं एकमेकांची जोड. मेहनत संपली की एक पालथा पडायचा आणि दुसरा त्याच्या पाठीला तेल चोळायचा. तालमीचा नियमच होता तो, कारण आपला हात आपल्या पाठीला पुरत नाही.

दंड, छाती, खांदे कशाने भरतात? दगडाची नाल, म्हणजे मूठ कोरलेला जड गोल दगड, उचलून, की जोर मारून आणि दोर चढून? गावचे म्हातारे पारावर बसून यावर भांडत. त्यांच्यातल्या एकानेही उभ्या जन्मात जोर मारला नव्हता. पण वस्तादाला जत्रेत त्या सगळ्यांची तोंडं बंद करायची होती.

त्याने पोरांना वेगळं केलं. लोहाराच्या पोराने फक्त नाल उचलायची, कोळ्याच्या पोराने फक्त जोर आणि दोर. "आणि एकमेकांना हात लावायचा नाही," तो म्हणाला. "मदत झाली की खरं काय ते कळत नाही."

"मग पाठ कोण चोळणार, वस्ताद?" लोहाराच्या पोराने विचारलं.

"तेल लावून पैलवान होत नाहीत, बाळा."

पुढच्या जत्रेपर्यंत दोघं तालमीच्या भिंतीच्या दोन अंगांना घाम गाळत राहिले. याला तिकडचे श्वास ऐकू येत, त्याला इकडे दगड आपटल्याचा आवाज. संध्याकाळी दोघं आपापल्या कोपऱ्यात हात मागे वळवून बघत. तेल कमरेवरून खाली ओघळून जाई, मधली पाठ कोरडीच राही. हळूहळू त्यांनी तेल घेणंच सोडलं.

जत्रा आली. लोहाराच्या पोराने नाल डोक्यावर नेली. कोळ्याच्या पोराला ती छातीपर्यंतही आली नाही. मग दोर. कोळ्याचा पोर सरसर चढला आणि उतरून खाली उभा राहिला. लोहाराचा पोर अर्ध्यावर गेला. खांदे रेड्यासारखे, पण स्वतःचं वजन त्यांनी कधी उचललंच नव्हतं. मूठ सुटत चालली. त्याने खाली पाहिलं. त्याची जोड दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

तो पडला. खांदा निखळला.

"धरलं का नाहीस त्याला?" वस्ताद ओरडला.

"हात लावायचा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

तो खांदा पुन्हा कधी नीट बसला नाही, आणि लोहाराच्या पोराने घणही पुन्हा उचलला नाही. कोळ्याचा पोर होडी घेऊन निघून गेला, कोणाला न सांगता. पारावरच्या म्हाताऱ्यांनी नवा वाद काढला. तालमीत कोणी येईना. हौद्याची माती उलटायला माणूस नव्हता. ती विटेसारखी कडक झाली.

तात्पर्य: दगडाने येवो की जोराने, पडणाऱ्याला धरायला जी पुढे होत नाही ती ताकद नव्हे.

वस्ताद पुढे पुष्कळ वर्षं जगला. त्याची पाठ कोणी चोळली नाही.