तोफेच्या पोटातली घंटा

लढाई पेटली आणि सेनापती रायाजीरावाला माज चढला. रसदेचे बैल हाकणारा बहिरू "शिपायांचं धान्य किडकं आहे" एवढंच बोलला, तर त्याला विनाचौकशी कोठडीत डांबलं. कचेरीपुढची घंटा वाजली की न्यायाधीशांनी सुनावणी घ्यायचीच, असा त्या राज्याचा रिवाज. या बहाद्दर सेनापतीनं ती घंटाच वितळवून नव्या तोफेच्या धातूत ओतली. "लढाईत कसली सुनावणी!" म्हणे.

बहिरूची बायको म्हाळसा वरवंटा घेऊन बुरुजावर चढली नि तोफेवर ठणाठणा मारू लागली. न्यायाधीश धावत आले.

"ए बये, ती तोफ आहे!" सेनापती ओरडला.

"असंल. तिच्या पोटात आमची घंटा हाय. तीच वाजवली."

न्यायाधीश तोफेशेजारीच बसले. "घंटा ऐकली. बहिरूला आणा, आणि ते धान्यही."

सेनापती शिपायांकडे वळला, तर ते आधीच कोठडीकडे पळाले होते.