पाहुणीचं वावर

मारुतीच्या देवळासमोर, नदीच्या अलीकडे जे पड वावर दिसते ना, तेच ते. बोरखडीत येणारा प्रत्येक माणूस आधी त्याबद्दलच विचारतो. चहूबाजूंनी गहू कमरेला लागलेला आणि मधोमध एवढी काळी कसदार जमीन नुसते गवत माजून पडलेली. बाहेरच्याला वाटते, भाऊबंदकी असेल. तसे काही नाही. या वावराला एकदाच नांगर लागला, आणि तो पुरला.

आमच्याकडची हवा तुम्हाला ठाऊक नसेल. वैशाखात पाखरू झाडावरून टपकते. पाऊस आपल्या लहरीने येतो. आषाढात तोंड दाखवतो आणि श्रावणात दडी मारतो. त्यातून जे उगवते त्यातले अर्धे पौषातली थंडी जाळते. एवढे सोसून गहू-हरभरा हाताशी आला, की फाल्गुनात गारा. तोंडचा घास जाणे म्हणजे काय, ते इथे येऊन बघावे. आमची जुनी माणसे गारांचे नावसुद्धा घेत नसत. ‘पाहुणी’ म्हणत.

पूर्वी या मुलखात गारपगारी असे. नाथपंथी माणूस. आभाळ भरून आले की मारुतीपुढे उभे राहून शिंग फुंकायचे आणि गारा पिकावरून वळवायच्या, हे त्याचे काम. वळवायच्या, बरे का. थांबवणे कोणाच्याच हाती नव्हते. निघालेली पाहुणी कुठेतरी उतरणारच. म्हणून गाव वसवणाऱ्यांनी हे वावर तिच्यासाठी राखले, असे सांगतात. मुरमाड तुकडा देता आला असता, पण पाहुणीला कोणी शिळे वाढते का? चांगल्यातले चांगले दिले. तिथे पेरायचे नाही, गुरे सोडायची नाहीत. गारा यायच्या, रिकाम्या मातीवर पडायच्या आणि विरघळून जायच्या.

सखनाथ हा आमचा शेवटचा गारपगारी. बायको लवकर गेलेली, एकुलती एक मुलगी गिरजा. ढग गडगडू लागले की तो तिला देवळाच्या पायरीवर बसवी आणि म्हणे, "भेऊ नको, गिरजे. मी हाय ना." मग शिंग फुंके. ती पायरीवर बसून समोरच्या वावरात गारा उतरताना बघे आणि टाळ्या पिटी. पुढे तिचे लग्न नदीपलीकडे नांदखेडला झाले. हाक मारली तर ऐकू जाईल इतके ते जवळ. शिंग तर सहज ऐकू जाई.

त्यानंतर काही वर्षे गारा आल्याच नाहीत. सुखाची सवय लागायला वेळ लागत नाही. उमरावजी पाटलांच्या मनात आले, एवढी सोन्यासारखी जमीन आभाळाला कशाला द्यायची? त्यांनी नांगर घातला आणि गहू पेरला. गावानेही मान डोलावली, हे लपवण्यात अर्थ नाही. सखनाथ एकटा आडवा आला.

"पाटील, पाहुनीचं ताट उष्टं करू नका. उद्या ते आली तं तिले बसवू कुठं?"

"तुले गारा वळवाले ठेवलं हाय," पाटील म्हणाले, "शेती शिकवाले नाई."

त्याच फाल्गुनात, भर दुपारी, पश्चिमेकडून ढग उठला. काळा असता तर चालले असते. तो हिरवट होता, म्हणे. सगळे गाव देवळापुढे धावले. सखनाथने शिंग हातात घेतले आणि समोर बघितले. त्या वावरात पाटलांचा गहू ओंब्यांनी वाकला होता. रिकामी म्हणावी अशी जागाच उरली नव्हती.

"कुठं धाडू? सांगा!" त्याने विचारले.

सगळे पाटलांकडे वळले. मग पाटील म्हणाले, "नदीपल्याड."

"पल्याड मायी पोर हाय."

"ते घरात असन. कवेलूच्या छपराखाली बसलेलं मानूस गारांनं मरते काय? इथं गावाच्या पोटाचं पाहा."

माणसांनी हात जोडले, बायांनी पदर पसरले. मला त्यांचा राग येतो आणि त्यांची कीवही येते. वर्षभराचे अन्न डोळ्यांसमोर उभे होते आणि वर आभाळ. सखनाथने डोळे मिटले आणि नदीकडे तोंड करून शिंग फुंकले.

नांदखेडच्या बाया तेव्हा रानात हरभरा उपटत होत्या. ढग बघून त्या गोठ्याकडे पळाल्या. गिरजा जागची हलली नाही. सासू लांबून ओरडली, "पय वो गिरजे, पय!" इकडे ‘पळ’ला ‘पय’ म्हणतात. गिरजाने शिंग ऐकले होते. बोरखडीतला नांगर तिच्या कानावर आलेला नव्हता. ती हसून म्हणाली, "भेऊ नका, मामी. माया बाप शिंग फुकून रायला. त्यानं आजवर मानसावर गार घातली नाई."

पहिली गार पडली तेव्हाही ती बोरखडीकडेच बघत होती, असे सासूने नंतर सांगितले. सांगितले कोणाला, तर सखनाथलाच. तो नदी उतरून गेला, त्याने मुलीचे तोंड पुसले आणि ते शब्द शेवटपर्यंत ऐकून घेतले.

परत आला तो थेट वावरात. गहू जसाच्या तसा उभा होता. एक काडी मोडली नव्हती. त्याने शिंग तिथेच मातीत पुरले आणि बांधावर उभ्या असलेल्या उमरावजींना म्हणाला, "पाटील, गहू चांगला पिकला तुमचा." मग तो निघून गेला. कुठे, ते कोणाला ठाऊक नाही.

त्या गव्हाला पाटलांनी विळा लावला नाही. तो उभ्याउभ्या सडला. पाखरांनीसुद्धा खाल्ला नाही म्हणतात. पाखरांचे मला खरे वाटत नाही. तेव्हापासून वावर पड आहे.

आजही फाल्गुनात ढग उठला की आम्ही बांधावर पाट मांडतो, पाण्याचा तांब्या ठेवतो आणि हाक घालतो, "ये माय, इथं बस." ती बसत नाही. गेल्या वर्षी या वावराच्या दोन्ही अंगांना माझा गहू भुईसपाट झाला आणि मधल्या गवतावर एक गार नव्हती. शिंग उकरून काढावे, तर फुंकणार कोण? आणि धाडणार कुठे? आता तर सगळीकडेच पेरलेले असते.

माझी सून नांदखेडची आहे. ढग गडगडला, नातू घाबरून रडू लागला, की मी त्याला जवळ घेऊन काही म्हणणार तोच ती पुढे होते. त्या गावात आजही लेकराला कोणी ‘भेऊ नको’ म्हणत नाही. ‘पय’ म्हणतात.