सोवळ्यातली जाळी

"...म्हणजे तिला कुणीच शिवत नाही म्हणतोस?"

तात्याबुवांनी विचारलं आणि हेरंबची मान ताठ झाली. कृष्णाकाठच्या या मठात लहानपणी तो बुवांकडे संथा घ्यायचा. आता शहरातल्या प्रयोगशाळेत तो स्टेंटवर, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या बारीक धातूच्या जाळीवर, लेप चढवत होता.

परका धातू दिसला की रक्त गोठतं. म्हणून त्याने असा गुळगुळीत लेप शोधला होता, की रक्ताचा कणही चिकटू नये. तरी मेंढ्यांवरच्या चाचणीत काही महिन्यांनी गुठळी व्हायचीच. आता पुन्हा फसलास तर काम बंद, असं संस्थेने बजावलं होतं.

"वाहिनीचं स्वतःचं अस्तर जाळीवर चढलं की धोका टळतो," तो म्हणाला. "पण ते चढतच नाही."

"का?"



हेरंब निघायला उठला, पाया पडायला वाकला. बुवा झटकन मागे सरले. आंघोळ करून ते सोवळ्यात होते, पूजा व्हायची होती.

"शिवू नकोस."

हेरंब लांबच उभा राहिला. जरा दुखावलाच.

"बुवा, मी काय परका?"

"परका कसला... पण सोवळ्याला काय कळतं, परका कोण नि घरचा कोण?"

बोलता बोलता बुवाच थांबले. "माझ्या लेपालाही तेच कळत नाही..." हेरंब पुटपुटला.

मग म्हातारा दोन पावलं पुढे आला आणि त्याने हेरंबला कडकडून मिठी मारली.

पूजा खोळंबली. हेरंब मिळेल त्या एसटीने परतला.

लेप त्याने गुळगुळीतच ठेवला, पण त्यात जागोजागी असे रेणू ओवले, की अस्तराच्या पेशींना तिथे पाय रोवता यावेत आणि गोठणाऱ्या कणांना मात्र नाही. साहेबांनी भिंतीला दार पाडलं, अशी सहकाऱ्यांनी चेष्टा केली.

या खेपेला एकाही मेंढीला गुठळी झाली नाही. चेष्टा करणाऱ्यांनीच हेरंबला खांद्यावर घेतलं.

तो सूक्ष्मदर्शकातला फोटो घेऊन मठात आला. बुवांनी चष्मा पुसून तो उलटसुलट पाहिला. नुसतं ओलसर, गुलाबी अस्तर.

"अरे, यात तुझी जाळी कुठाय?"

"दिसत नाही, बुवा." हेरंब फोटोवर वाकला. "मलासुद्धा... शोधून सापडत नाही."

बुवा हसले.

"लेक नांदायला लागली रे तुझी."