केरबाची गूळतुला

एका गावात एक भोळा गडी राहत होता, त्याचं नाव केरबा. भोळा हा शब्द त्याच्या आईसमोर वापरायचा. आई नसली की गावाकडे दुसरा शब्द होता. केरबाला दोन्ही चालत. कुठल्याही नावाने हाक मारली तरी तो हसून ओ द्यायचा.

केरबाचा गुण एकच होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. गावाला त्याचा त्रास होता तोही याच गुणाचा.

मागे एकदा केरबाला मोठा ताप आला. अंगाची नुसती काडी झाली. त्याची आई हौसाबाई घाबरली आणि तिने गावदेवी जानाईला नवस बोलला, "माझा केरबा उठून बसू दे, त्याच्या भारोभार गूळ वाहीन." केरबा उठून बसला. बसला तो थेट ताटावरच. आजारातून उठलेलं पोर म्हणून आईने दूध घातलं, लोणी घातलं, वर गुळाचा खडाही घातला. नवस बोलला तेव्हा काडी होती, फेडायची वेळ आली तेव्हा तिची कणगी झाली होती.

जानाईच्या देवळात आढ्याला मोठा तराजू टांगलेला होता, आणि तराजूपेक्षा ताठ असा भिकोबा गुरव तिथे होता. नियमाला पक्का माणूस. गूळ आपल्याच शेतातल्या उसाचा हवा, विकतचा देवीला चालत नाही. गुळाचं पारडं जमिनीला टेकलं तरच नवस फिटला. आणि त्या पारड्यात जे पडलं ते देवीचं झालं; परत हवं असेल तर त्याच्या भारोभार गूळ देऊन सोडवून न्यायचं. मागच्या जत्रेत पाटलांनी नमस्कार करताना आपली छत्री क्षणभर त्या पारड्यात टेकवली होती. पाटील असूनही त्यांना छत्रीच्या वजनाचा गूळ द्यावा लागला.

हौसाबाईचा ऊस म्हणजे विहिरीकडेची एक पट्टी. तिच्या गुळाच्या ढेपा माळ्यावर रचलेल्या होत्या. गुरवाने त्या ढेपा पाहिल्या, मग केरबाला पाहिलं, आणि मान हलवली.

"हौसाआक्का, ह्यो गूळ पुरायचा न्हाई."

"आन् नवस ऱ्हायला तर?"

"तर देवी आपली वस्तू परत घेती," गुरव म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

त्या दिवसापासून हौसाबाईच्या घशाखाली घास उतरेना. पोर जातंय की काय या भीतीने ती वाळायला लागली. आई वाळते हे पाहून केरबाला फार वाईट वाटायचं. आणि वाईट वाटलं की त्याला भूक लागायची.

शेवटी ती त्याला तात्या वैद्यांकडे घेऊन गेली. तात्यांनी नाडी पाहिली, पोट पाहिलं, पोटाला पूर्ण पाहायला खुर्ची थोडी मागे घेतली.

"औषध नाही," तात्या म्हणाले. "सवयी लावायच्या. जेवलास की चालायला लाग. घास सावकाश, बारीक चावून खा. आणि गूळतुला होईपर्यंत गुळाला तोंड लावायचं नाही. हे रोज करायचं, समजलं?"

"बरं तात्या. तसंच करतो," केरबा म्हणाला.

आणि त्याने तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं तसा तो चालायला लागला. थांबायचं कुठे ते तात्यांनी सांगितलं नव्हतं. चालत चालत तो शेजारच्या गावी पोचला. तिथे त्याची मावशी राहत होती. भाचा आला म्हणून तिने पोळ्या केल्या. केरबा जेवला. जेवला म्हणजे चालणं आलं. पुढच्या गावात कुणाचं तरी लग्न होतं आणि पंगत बसत होती. कुणीतरी हाताला धरून बसवलं. केरबा जेवला, उठला, चालायला लागला. असं करत तो तालुक्याच्या पलीकडे गेला, तेव्हा ओळखीच्या एका गाडीवानाने त्याला कडब्यावर घालून घरी आणलं. गाडीवान म्हणाला, बैल चढावर बसले.

हौसाबाईने कपाळाला हात लावला. "आरं लेकरा, चालायचं म्हंजे थोडं जायचं, आन् थोडं गेलं की माघारी फिरायचं."

"बरं आये. म्होरल्या येळी तसंच करतो."

पुढची वेळ लवकर आली. भिकोबा गुरवाची सासू दिवाळीला म्हणून आली होती ती मुक्काम हलवेना. गुरवाने देवीला कधी काही मागितलं नव्हतं, पण त्या दिवसांत तो देवळात जरा जास्तच वेळ हात जोडून उभा राहायचा. शेवटी म्हातारी जायला राजी झाली. गुरवाने गाडी जुंपली आणि घाईघाईत केरबालाच हाकायला बसवलं.

म्हातारीला गाडीत बसल्या बसल्या डुलकी लागली. केरबा थोडं गेला. थोडं गेलं की काय करायचं ते त्याला पक्कं माहीत होतं.

म्हातारी जागी झाली तेव्हा गाडी गुरवाच्याच दारात उभी होती आणि दारात जावई उभा होता.

"अगं बया," म्हातारी म्हणाली, "माझ्या आधी तूच पोचलास व्हय रं?"

ती उतरली, आत गेली आणि पाय पसरून बसली. मुलगी चुलीपाशी दिसली तेव्हा तर तिला भरून आलं. आईला सोडवेना म्हणून दोघंही निघून आली, असंच तिला वाटलं. "आता आलाच हाईसा, तर आठ दिस ऱ्हावा," तिने गुरवाला त्याच्याच घरात आग्रह केला.

गुरव केरबाला बाजूला घेऊन गेला.

"कुणाला हाताशी धरलं, की त्याला त्याच्या घरात पोचवायचं असतं. दारात न्हाई, पार आत, जागेवर. तवर हात सोडायचा न्हाई. कळलं?"

"व्हय मामा. म्होरल्या येळी तसंच करतो."

मग एका दुपारी हौसाबाई शेतात गेली होती. केरबा ओसरीवर बसून घास चावत होता. तो इतका बारीक चावायचा, की सकाळची भाकरी संपेपर्यंत दुपारची तव्यावर पडायची. तेवढ्यात मागच्या दाराने एक अनोळखी माणूस घरातला तांब्याचा हंडा घेऊन निघाला. माणूस किडकिडीत होता आणि हंडा चांगलाच जड होता. केरबाने जाऊन त्याचा हात धरला. चोराच्या तोंडचं पाणी पळालं.

"घर कुठं तुमचं?" केरबाने विचारलं.

"टेकडीपल्याड," चोर कसाबसा म्हणाला.

"मग चला."

एकदा हात धरला म्हणजे घरी पोचवणं आलं. केरबाने हंडा आपल्या डोक्यावर घेतला, चोराचा हात सोडला नाही, आणि भर उन्हात टेकडी चढला. चोर वाटेत दोनदा रडला. केरबाने त्याला धीर दिला, "आलंच आता." घर आलं तसा तो चोराला घेऊन पार आत गेला. "हंडा कुठं ठिऊ? चुलीजवळ का कोपऱ्यात?" चोराच्या बायकोने चहा केला. तो गुळाचा निघाला, म्हणून केरबाने नम्रपणे नको म्हटलं.

हौसाबाई त्या दिवशी आधी हंड्यासाठी रडली, मग मुलाकडे बघून रडली.

"आरं, आपल्या घरची वस्तू कुणी उचलली की हिसकावून घ्यायची. घ्यायची, आन् पोटाशी धरायची."

"बरं आये. म्होरल्या येळी तसंच करतो."

पण या सगळ्यात एक गोष्ट घडत होती, आणि ती केरबाच्या लक्षात आली नव्हती. जेवल्यावर तो रोज चालायला जायचा आणि थोडं गेलं की माघारी फिरायचा. ते मात्र तो बरोबर करत होता. चावायला इतका वेळ लागायचा, की पोट भरल्याचं पोटाला आधी कळायचं आणि ताटात भाकरी उरायची. गुळाला त्याने बोटसुद्धा लावलं नव्हतं. अंगरखा ढिला झाला. धोतराला दोनदा जास्त खोचावं लागलं. बैलांना तो गाडीत बसल्याचं कळेनासं झालं.

जत्रा जवळ आली तेव्हा गुरव पुन्हा आला. त्याने केरबाला मागून पुढून पाहिलं, ढेपा पाहिल्या, आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

"टेकंल, आक्का. पार काठाकाठावर हाय, पर टेकंल."

तात्या वैद्यही म्हणाले, "छान उतरलंय. आता परत चढू द्यायचं नाही. जत्रेपुरत्या सवयी कामाच्या नाहीत."

त्या दिवशी हौसाबाई पोटभर जेवली. पोर आता आपलंच राहणार म्हणून तिला इतका आनंद झाला की तिने शेजारणीला मुद्दाम बोलावून केरबाचं ढिलं धोतर दाखवलं.

जत्रेच्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी वाजत होती. गुळाच्या पारड्यात ढेपा आधीच रचून ठेवल्या होत्या. एकच ढेप बाहेर होती, शेवटची, मानाची. तिच्यावर हौसाबाईने हळदीने आपला पंजा उठवला होता. केरबा नवी टोपी घालून दुसऱ्या पारड्यात बसला. तराजू हलला, डुलला आणि गुळाचं पारडं जमिनीपासून बोटभर वर राहिलं. आता फक्त ती एक ढेप टाकायची होती. हौसाबाईने डोळे मिटून हात जोडले.

गुरवाने पंजाची ढेप उचलली आणि केरबाच्या समोरून पलीकडे न्यायला लागला.

केरबाने आईचा पंजा ओळखला. आपल्या घरची वस्तू. कुणीतरी उचलली होती.

त्याने हात लांब केला, ढेप हिसकावून घेतली आणि पोटाशी धरली.

त्याचं पारडं खाली गेलं. गुळाचं वर गेलं. हलगी थांबली.

"केरबा," हौसाबाई म्हणाली, "ती ढेप त्या पारड्यात ठेव बाळा. त्या तिकडच्या."

"ठेवतो की," केरबा म्हणाला.

हाताशी धरलेलं कसं पोचवायचं ते गुरवमामांनीच शिकवलं होतं. दारात नाही, पार आत, जागेवर, आणि तोवर हात सोडायचा नाही. केरबा आपल्या पारड्यातून उतरला तसं ते वर जाऊ नये म्हणून दोघा गड्यांनी दाबून धरलं. तो ढेप पोटाशी धरून पलीकडे गेला, गुळाच्या पारड्यात चढला आणि ढेपांवर मांडी घालून बसला. ढेप मांडीवर होती. हात सोडला नव्हता.

गड्यांच्या हातातलं पारडं निसटलं आणि गुळाचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं.

गुरवाचा जन्म त्या तराजूपाशी गेला होता. पारडं टेकल्याचा आवाज आला की त्याचा हात आपोआप घंटेकडे जायचा. तसा तो गेला. घंटा वाजली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तो ओरडला, "टेकलं! गूळतुला झाली!"

हलगी वाजली. लोकांनी जानाईच्या नावाने चांगभलं केलं. मग एकेकाच्या लक्षात आलं आणि आवाज हळूहळू बंद पडला.

"भिकोबा," हौसाबाई म्हणाली, "नवस फिटला न्हवं?"

"फिटला," गुरव म्हणाला. पारडं टेकलं होतं, ते काही त्याला नाकारता येईना.

"मग मी माझ्या पोराला घिऊन घरी जाते."

गुरवाने पारड्याकडे बोट दाखवलं. "त्या पारड्यात पडलं ते देवीचं, आक्का."

गर्दीत पाटील छत्री काखेत मारून उभे होते. ते जरा पुढे आले आणि म्हणाले, "नियम म्हंजे नियम."

"सोडवून न्यायचं तर?"

"त्याच्या भारोभार गूळ."

हौसाबाई मटकन पायरीवर बसली. देवीने आपली वस्तू परत घेतली होती, तीही नवस फेडून झाल्यावर. घरात गुळाचा खडा उरला नव्हता. पण बाई धीराची होती. पट्टीतला ऊस पुढच्या साली पुन्हा उभा राहणार होता. पोर आहे तेवढंच राहिलं तर तेवढाच गूळ त्याला सोडवायला पुरणार होता, अगदी काठाकाठावर. तिने पदराने डोळे पुसले.

"केरबा, ऐक. वरीसभर ऱ्हा देवीपाशी. पर आता अंग वाढू द्यायचं न्हाई बघ. एवढं सांभाळ."

पारड्यातून कट्ट असा आवाज आला.

मानाच्या ढेपेवरच्या पंजाची दोन बोटं गायब होती. केरबाचा गाल फुगला होता.

"आरं, हे काय करतोस?"

"झाली न्हवं गूळतुला?" केरबा म्हणाला. "तात्या म्हणालं हुतं, हुईपर्यंत तोंड लावायचं न्हाई. मामांनी घंटा वाजवली, मगच लावलं."

एवढं बोलून त्याने तिसरं बोट मोडून तोंडात टाकलं आणि मग मात्र तो गप्प बसला. घास त्याला सावकाश, अगदी बारीक चावून खायचा होता.