चिताऱ्यानं गाळलेली आळी

खूप खूप वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांचे पणजोबा पाळण्यात होते तेव्हा, नदीकाठी एक राजधानी होती. तिथली एक रीत होती. दर दसऱ्याला राजाचा चितारी समोरच्या टेकडीवर बसून अख्ख्या नगराचं चित्र कापडावर काढायचा. नवं चित्र दरबारात लागायचं, जुनं गुंडाळून कोठीत जायचं.

चिताऱ्याचा हात असा, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पण एक खोड होती मेल्याला. नदीलगत रंगाऱ्यांची आळी होती. वाकडी घरं, दारात रंगाच्या कढया, दोरीवर ओली लुगडी. "हे गबाळ कशाला दाखवायचं?" असं म्हणून तो तिथे दरवर्षी नारळीची बाग काढायचा. राजा खूश, चितारीही खूश.

एका वर्षी नदी कोपली. माणसं टेकडीवर पळाली म्हणून वाचली, आळी मात्र वाहून गेली. पुढे राजानं तिथे दगडी घाट बांधला. घाट देखणा होता, खोटं कशाला बोलू? नव्या पोरांना तर तो पहिल्यापासूनच तिथे आहे असं वाटायचं.

बऱ्याच वर्षांनी गोजराबाई नावाची म्हातारी रंगारीण चिताऱ्याकडे आली. "दादा, जुन्या चित्रात आमचं घर दाखवता का? आमचे मालक ओट्यावर बसून लुगडी पिळायचे. ते गेले, घरही गेलं. आता डोळे मिटले तरी नीट दिसत नाही हो. विसरून जाईन अशी भीती वाटते."

चिताऱ्यानं कोठी उघडली. त्यानं एकेक कापड उलगडलं. सगळीकडे नारळीच नारळी.

"अगंबाई!" म्हातारी म्हणाली. "म्हणजे आम्ही इथे राहतच नव्हतो की काय?"

"मावशी, तुम्ही सांगा, मी आत्ता काढतो."

ती सांगत गेली, तो काढत गेला. ओटा डावीकडे की उजवीकडे? दार निळं की हिरवं? ती अडखळायची, मग तोही थांबायचा.

"मालक बसायचे कसे?" त्यानं विचारलं.

तिनं काढलेल्या चित्राकडे पाहिलं. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "राहू द्या दादा. हे कुणाचं तरी घर आहे, पण आमचं नाही."

त्या दसऱ्याला चिताऱ्यानं चित्रातून उकिरडासुद्धा गाळला नाही. राजानं नाक मुरडलं, तेव्हा तो म्हणाला, "महाराज, उद्या हेही कुणीतरी शोधत येईल."

गोजराबाई मात्र ते चित्र बघायला आली नाही. बिचारी काय बघणार होती त्यात?

म्हणून सांगते बाळांनो, आज डोळ्यांत खुपतं तेही जसंच्या तसं टिपून ठेवा. एकदा गाळलेलं गाव मागाहून कितीही रंग ओतले तरी परत येत नाही.