झिपरीची उडी

डोंगरात माणसाची वाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. वानरांच्या टोळीत झिपरी नावाची पोर होती. उडी मारताना तिचे हात एकीकडे जात, पाय भलतीकडे. सगळे तिला ‘धांदरट’ म्हणून हसत. ती मात्र रोज एकटीच, प्रत्येक हालचाल तोंडाने म्हणत सराव करी.

एकदा बिबट्या झाडावर चढू लागला. टोळी पटापट समोरच्या उंबरावर गेली, झिपरी मागे राहिली. “लवकर, लवकर!” सगळे ओरडले. तिला काहीच सुचेना.

“गप्प बसा रे!” तिची मावशी म्हणाली. “झिपरे, तुझं तू म्हण, बाळा.”

“पाय रोव. फांदी बघ. शेपटी वर. आता!” झिपरी स्वतःशीच म्हणाली.

ती उंबरावर पोटावर आपटली, पण फांदी तिने घट्ट धरली. बिबट्या हात चोळत राहिला.

“काय ही उडी!” कुणीतरी हसलं.

“पोचले की नाही?” धापा टाकत झिपरी म्हणाली, आणि पुढच्या फांदीकडे बघून तिने पाय रोवले.